आधी घर तर सापडू द्या

न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागात जुन्या दुमजली घरांच्या रांगाच्या रांगा आहेत. त्यातल्या एखाद्या घरापुढे जरा थांबून पाहिलं, तर दर्शनी दाराला एक घंटा दिसते आणि बाजूच्या बोळात, तळघरात उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी, दुसरी. भिंतीवर विजेचे मीटर एकाऐवजी तीन. टपालपेटी एकच, पण तिच्यावर चिकटपट्टीने लावलेल्या चिठ्ठ्यांवर तीन वेगवेगळी आडनावं. मालमत्ता कराच्या वहीत हे एका कुटुंबाचं घर आहे, टपाल खात्याच्या लेखी हा एक पत्ता आहे, आणि आत चुली तीन पेटतात.

जनगणनेचं पत्र इथे एकच येणार. ते घरमालक उघडणार, आपल्या घरच्यांची नावं भरणार आणि मोकळा होणार. तळघरातलं कुटुंब आणि माडीवरचा भाडेकरू सरकारदरबारी अस्तित्वातच नाहीत. शिरगणतीत माणसं गळाली असं ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे दार न उघडणारा रहिवासी येतो, नाहीतर कंटाळून चुकीचे तक्ते भरणारा प्रगणक. अमेरिकेत मात्र या गळतीतला बराच भाग त्या दोघांची गाठ पडण्याच्या आधीच, मोजणीला दीड-दोन वर्षं असताना, पत्त्यांच्या यादीत ठरून गेलेला असतो.

आपल्याकडे प्रगणक त्याला नेमून दिलेल्या गटात पायी फिरतो आणि घरयादी फिरता फिरता तयार होते. अमेरिकेत क्रम उलटा आहे. १९७० पासून तिथली जनगणना मुख्यतः टपालावर चालते, म्हणजे आधी यादी आणि मग मोजणी. यादीतल्या पत्त्यावर पत्र जातं. उत्तर आलं नाही, तर त्या पत्त्यावर माणूस जातो. जो पत्ता यादीतच नाही, तिथून उत्तर आलं नाही हे कळायलाही मार्ग नाही. २०२० मध्ये पत्रावरचा सांकेतिक क्रमांक हाताशी नसतानाही ऑनलाइन माहिती भरण्याची सोय होती, हे खरं. पण अनधिकृत तळघरात राहणारा, घरमालकाला आणि पालिकेला दोघांनाही टरकून असलेला माणूस आपण होऊन संकेतस्थळ शोधून ‘आम्ही इथे पाच जण राहतो’ असं कळवील, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

ही यादी सुधारायची कोणी? जनगणना घेणाऱ्या वॉशिंग्टनच्या सेन्सस ब्युरोकडे टपाल खात्याची यादी असते, उपग्रहचित्रं असतात, हजारो कर्मचारी असतात. गल्लीत नवं काय उभं राहिलं, कोणत्या गॅरेजमध्ये पडदे लागले, कोणतं घर पाडून तिथे चार सदनिका झाल्या, हे मात्र गावच्या कार्यालयाला कळतं. माझं म्हणणं असं, की यादी सुधारण्याचं काम स्थानिक सरकारांचंच आहे, ते दहा वर्षांतून एकदा न होता सतत व्हायला हवं, आणि त्याचा खर्च संघ सरकारने उचलायला हवा. गावाकडून वॉशिंग्टनकडे जाणारी वाट सताड उघडी असावी. वॉशिंग्टनकडून गावाकडे येणारी वाट मात्र आज आहे तशी कुलूपबंदच राहावी. या शेवटच्या वाक्यावर तिथले नगर नियोजनवाले माझ्याशी भांडतील. त्याकडे पुढे येतोच.

आजची व्यवस्था आली कशी, ते आधी पाहू. १९८० च्या जनगणनेत आपली माणसं कमी भरली अशी अनेक शहरांची तक्रार होती. न्यू जर्सीतली एसेक्स काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) आणि कोलोरॅडोतलं डेन्व्हर शहर थेट न्यायालयात गेले. त्यांची मागणी साधी होती : तुमची पत्त्यांची यादी दाखवा, कोणती घरं सुटली ते आम्ही सांगतो. १९८२ मध्ये बाल्ड्रिज विरुद्ध शॅपिरो या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही मागणी फेटाळली. जनगणनेच्या कायद्यातली गोपनीयता नुसत्या उत्तरांपुरती नाही, पत्त्यांची यादीही तिच्यात येते, असा तो निकाल. मग १९९० च्या वेळी शहरांना प्रत्येक ब्लॉकमधल्या, म्हणजे चहूबाजूंच्या रस्त्यांमधल्या तुकड्यातल्या, घरांचा फक्त आकडा दाखवण्यात आला. समजा ब्युरो म्हणतो बेचाळीस आणि शहराच्या नोंदीत आहेत एकावन्न. कोणती नऊ सुटली? ते विचारायची सोय नव्हती. आंधळी कोशिंबीर होती ती. त्या जनगणनेत देशभरात सुमारे ४० लाख माणसं निव्वळ कमी मोजली गेली, असा ब्युरोचाच नंतरचा अंदाज आहे.

१९९४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा बदलला. टपाल खात्याने आपली यादी ब्युरोला द्यावी, आणि ब्युरोने स्थानिक सरकारांच्या नेमलेल्या प्रतिनिधींना गोपनीयतेच्या अटीवर पत्त्यांची यादी तपासायला द्यावी, अशी तरतूद झाली. मान्य न झालेल्या दुरुस्त्यांवर ब्युरोबाहेरच्या कार्यालयाकडे अपील करण्याची वाटही ठेवली गेली. या कार्यक्रमाचं लांबलचक नाव आहे ‘लोकल अपडेट ऑफ सेन्सस अॅड्रेसेस’, पण बोलताना सगळे ‘लुका’ म्हणतात. यादी हातात घेणाऱ्याला शपथपत्रावर सही करावी लागते आणि ती शपथ जन्मभराची असते. फोडली, तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. यादी कुलपात ठेवायची, काम संपल्यावर परत करायची किंवा नष्ट करायची. २०२० च्या जनगणनेसाठी ही तपासणी २०१८ मध्ये झाली आणि त्यासाठी प्रत्येक सरकारला १२० दिवस मिळाले.

हे काम मनापासून केलं तर काय होतं, ते न्यूयॉर्क शहराने दाखवलं. २०१० च्या जनगणनेत क्वीन्सची लोकसंख्या २२,३०,७२२ निघाली. दहा वर्षांपूर्वीच्या आकड्यापेक्षा फक्त १,३४३ ने जास्त! जिथे दर वर्षी जगाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येऊन राहतात, त्या भागात दहा वर्षांत जेमतेम एका मोठ्या गृहसंकुलाइतकी वाढ, यावर शहरात कोणाचाच विश्वास बसला नाही. शहराने आक्षेप घेतला, पण आकडा जागचा हलला नाही. पुढच्या खेपेला शहराच्या नियोजन विभागातल्या लोकसंख्या शाखेने कंबर कसली. शहराकडच्या निरनिराळ्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या, शंका आली तिथे माणसं पाठवून घंटा, मीटर आणि टपालपेट्या पाहिल्या, आणि ब्युरोच्या यादीत नसलेली सुमारे २ लाख ६५ हजार घरं कळवली. २०२० मध्ये शहराची लोकसंख्या ८८,०४,१९० भरली, म्हणजे दशकात सव्वासहा लाखांहून जास्त वाढ. ही सगळी वाढ यादीमुळेच झाली असं कोणी म्हणू नये. माणसंही खरोखर वाढली होती. पण ती माणसं जिथे राहत होती, ते दार यादीत आलं नसतं, तर ती कोणाला दिसली असती?

काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात राज्यांना लोकसंख्येप्रमाणे जागा मिळतात. याच जनगणनेत न्यूयॉर्क राज्याची तिथली एक जागा गेली. आणखी ८९ माणसं भरली असती तर ती राहिली असती. एका बऱ्यापैकी इमारतीतले भाडेकरू. एवढं केलेल्या शहराच्या राज्याची ही गत, तर ज्यांनी काहीच केलं नाही त्यांनी किती गमावलं, याचा हिशेब मांडायला कोणी बसलेलं नाही.

न्यूयॉर्कची गोष्ट ऐकायला छान आहे, पण माझ्या दृष्टीने या व्यवस्थेचा दोषही तिच्यातच आहे. न्यूयॉर्ककडे स्वतःचे लोकसंख्याशास्त्रज्ञ आहेत, नकाशे काढणारा वेगळा कक्ष आहे, वकील आहेत. अमेरिकेत लुकामध्ये भाग घेऊ शकणारी सरकारं आहेत साधारण ३९ हजार : राज्यं, काउंट्या, शहरं, गावं आणि आदिवासी राष्ट्रं. त्यातली निम्मीसुद्धा भाग घेत नाहीत. कित्येक गावांत पूर्ण वेळ काम करणारा माणूस म्हणजे एक कारकून, तोही पाणीपट्टी भरून घेतो, सभेचं इतिवृत्त लिहितो आणि कुत्र्यांचे परवाने देतो. त्याच्या टेबलावर एक दिवस ब्युरोचं पाकीट येतं. आत शपथपत्राचे नमुने, संगणकातली यादी कशी उघडायची याची जाडजूड पुस्तिका आणि १२० दिवसांची मुदत. तो पाकीट बाजूला ठेवतो. मी त्याला दोष देणार नाही. या कामाचे त्याला किंवा त्याच्या गावाला कोणी पैसे देत नाही.

आणि घरं सापडायला सर्वांत अवघड असतात ती बरेचदा अशाच ठिकाणी. अॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेल्या नावाहो राष्ट्रात (नावाहो या मूलनिवासी जमातीचा राखीव प्रदेश) हजारो घरांना रस्त्याचं नाव किंवा घर क्रमांक नाही. पत्र घ्यायला माणूस कित्येक मैलांवरच्या टपाल कार्यालयातल्या पेटीपाशी जातो. पेटीचा क्रमांक म्हणजे घराची जागा नव्हे, त्यामुळे ब्युरो त्याच्यावर विसंबू शकत नाही. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत शेतमजूर मळ्याच्या कडेला लावलेल्या ट्रेलरमध्ये, गॅरेजमध्ये, घरामागे ठोकलेल्या खोल्यांमध्ये राहतात. टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या सीमेलगत ‘कोलोनिया’ म्हणतात त्या वस्त्यांत कुठे गटार नाही, कुठे पक्का रस्ता नाही. पत्त्याचं काय घेऊन बसलात! या घरांची माहिती असते ती आरोग्यसेविकेला, शाळेच्या बसचालकाला, पाण्याचा टँकर नेणाऱ्याला. वॉशिंग्टनला ती नसते. २०२० च्या मोजणीनंतर ब्युरोने स्वतः केलेल्या तपासणीत राखीव प्रदेशांत राहणारे मूलनिवासी ५.६४ टक्के कमी, हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषक मुळाचे) ४.९९ टक्के कमी आणि कृष्णवर्णीय ३.३ टक्के कमी भरल्याचं आढळलं. बिगर-हिस्पॅनिक गोरे मात्र १.६४ टक्के जास्त.

हे सगळं पत्त्यांच्या यादीमुळे झालं असा दावा मी करत नाही. तसा केला तर तो खोटा ठरेल. यादीत घर आहे, पत्र पोचलं, भरलंही, पण घरात राहणाऱ्या भाचीचं तान्हं मूल लिहायचं राहिलं, असंही पुष्कळदा होतं. अमेरिकेत लहान मुलं वर्षानुवर्षं कमी मोजली जातात ती बहुतांशी अशीच, आणि त्यावर पत्त्यांची कितीही चांगली यादी हे औषध नाही. घर भरलेलं असताना ते रिकामं म्हणून नोंदलं गेलं, तर तिथेही यादी निरुपयोगी. २०१० मध्ये न्यूयॉर्कची तक्रार नेमकी तीच होती. पण बाकीच्या चुका सुधारायला निदान काहीतरी हातात असतं. पुन्हा पत्र पाठवता येतं, पुन्हा माणूस पाठवता येतो, शेजाऱ्याला विचारता येतं. यादीतून सुटलेल्या घरासाठी यातलं काहीच करता येत नाही.

मोजणी झाल्यावर तरी दुरुस्ती होईल? नाही. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं, की राज्यांना प्रतिनिधिगृहाच्या जागा वाटताना नमुना पाहणीच्या आधारे सुधारलेले आकडे चालणार नाहीत. त्यामुळे किती टक्के माणसं सुटली हे ब्युरो नंतर शोधतो, जाहीरही करतो, आणि मूळ आकडा तसाच राहतो. २०२० मध्ये आर्कान्सात ५.०४ टक्के, टेनेसीत ४.७८ टक्के, फ्लोरिडात ३.४८ टक्के आणि टेक्सासमध्ये १.९२ टक्के माणसं कमी भरली, मिनेसोटात ३.८४ टक्के आणि हवाईत ६.७९ टक्के जास्त. सगळ्यांना ठाऊक आहे, छापून आलं आहे, आणि २०३० च्या मोजणीपर्यंत जागांचं वाटप याच आकड्यांवर चालणार आहे. निकालानंतर शहरं आक्षेप घेऊ शकतात, पण तो हद्द चुकीची धरली किंवा आकडेमोडीत गफलत झाली अशा चुकांपुरता. ‘हे घर तुम्हाला सापडलंच नाही’ अशी तक्रार घेऊन तेव्हा जाण्यात अर्थ नसतो, कारण त्यासाठी पुन्हा कोणी घराबाहेर पडत नाही. आणि या आकड्यांवर संघ सरकारच्या निधीचं वाटप ठरतं : ब्युरोच्याच मोजणीनुसार २०२१ च्या आर्थिक वर्षात ३५३ योजनांचे मिळून २.८ लाख कोटी डॉलर जनगणनेच्या माहितीच्या आधारे वाटले गेले.

कोणी म्हणेल, आता उपग्रह आहेत, गावच्या कारकुनाच्या मागे कशाला लागता? ब्युरोनेही साधारण हाच विचार केला. २०१० च्या आधी जवळजवळ सगळा देश पायी फिरून पत्ते तपासले होते. २०२० च्या आधी बहुतेक काम कार्यालयात बसून, उपग्रहचित्रांची जुनी-नवी तुलना करून झालं आणि साधारण ३५ टक्के पत्तेच प्रत्यक्ष जाऊन पाहिले. पैसे वाचले, आणि नव्या वसाहती, नवे रस्ते, पाडलेल्या इमारती यांसाठी ही पद्धत ठीक आहे. पण वरून छप्पर दिसतं. एका छपराखाली किती बिऱ्हाडं आहेत, ते कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाही. दाट शहरांत घरांची वाढ जमिनीवर कमी आणि आहे त्याच भिंतींच्या आत जास्त होते. ती पाहायची तर दाराशी जावं लागतं, आणि कोणत्या दाराशी जायचं हे सांगणारा माणूस गावातलाच हवा.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ज्यांना माणसं जास्त भरली की जागा आणि पैसा मिळतो, त्यांच्याच हाती यादी द्यायची? चोराच्या हाती जामदारखाना नाही का? या भीतीला इतिहासाचा आधार आहे. १८९० मध्ये मिनेसोटातल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत मोठं कोण यावरून इतकी चुरस लागली, की दोन्हीकडच्या प्रगणकांनी मेलेली माणसं, न जन्मलेली मुलं आणि रेल्वे स्थानकात ‘राहणारे’ शेकडो लोक मोजून टाकले. फेरमोजणी झाली तेव्हा मिनियापोलिसचे १८,२२९ आणि सेंट पॉलचे ९,४२५ रहिवासी हवेत विरले. जोडी सारखीच लबाड होती, मिनियापोलिस जरा जास्त उत्साही.

पण तिथे शहरांच्या माणसांनी माणसं मोजली होती. लुकामध्ये शहर फक्त दार दाखवतं. आत कोण राहतं ते ब्युरो विचारतो. खोटं दार दाखवलं तर तिथे पत्र जाईल, ते परत येईल, मग प्रगणक जाईल, त्याला मोकळा प्लॉट दिसेल आणि पत्ता कटेल. शहराच्या पदरात एकही माणूस पडणार नाही. ब्युरोची फेरी फुकट जाईल, हे नुकसान खरं आहे, आणि म्हणूनच प्रत्येक नव्या पत्त्यामागे काहीतरी पुरावा मागणं रास्त आहे : बांधकाम परवाना, वीजजोडणी, प्रत्यक्ष पाहणीची नोंद. पण एका फुकट फेरीचा खर्च आणि एका कुटुंबाची दहा वर्षांची गैरहजेरी यांत मला निवड करायची असेल, तर मी फेरी फुकट जाऊ देईन.

आता खर्चाचं. २०२० च्या जनगणनेवर सुमारे १,४०० कोटी डॉलर खर्च झाले. त्यातला मोठा हिस्सा गेला उत्तर न दिलेल्या घरांच्या दारावर माणसं पाठवण्यात. यादी सुधारण्यासाठी स्थानिक सरकारांना मात्र त्यातून काहीच मिळालं नाही. तो स्वयंसेवेचा कार्यक्रम आहे. कॅलिफोर्निया राज्याने हे ओळखून आपल्या शहरांना आणि काउंट्यांना लुकासाठी ७० लाख डॉलर स्वतःच्या तिजोरीतून दिले, आणि जनगणनेच्या एकंदर तयारीवर १८ कोटी ७० लाखांच्या आसपास खर्च केले. टेक्सासच्या विधिमंडळाने लोकांपर्यंत जनगणना पोचवण्यासाठी एक डॉलरही मंजूर केला नाही. हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न आहे असं म्हणून सोडून देता आलं असतं, जर परिणाम टेक्सासच्या कारभाऱ्यांनीच भोगले असते. ते भोगतो कोलोनियातला माणूस, ज्याने या निर्णयात मतही दिलेलं नसतं. राष्ट्रीय जनगणना राज्यघटनेने संघ सरकारवर टाकलेलं काम आहे. तिची पहिली पायरी कारकुनाच्या फावल्या वेळेवर आणि गव्हर्नरच्या लहरीवर सोडणं मला पटत नाही. लहान गावांसाठी तर पैसे दिले तरी पुरणार नाहीत. काउंटी किंवा राज्याच्या पातळीवर प्रशिक्षित माणसं ठेवून त्यांनी दहा-वीस गावांचं काम एकत्र करायला हवं.

आणि ते दर वर्षी करायला हवं. कॅलिफोर्नियातल्या पॅरडाइज गावाने २०१८ च्या उन्हाळ्यात आपली यादी तपासली असती, तरी त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला लागलेल्या वणव्यात ती निकालात निघाली असती. २०१० मध्ये २६ हजारांवर माणसं असलेलं ते गाव २०२० च्या मोजणीत ४,७६४ वर आलं. घरं जळाली, माणसं आसपासच्या गावांत नातेवाइकांकडे, ट्रेलरमध्ये, मिळेल त्या आडोशाला गेली. म्हणजे त्या गावांच्या यादीतही एका रात्रीत फरक पडला. हे टोकाचं उदाहरण झालं, पण साधं बांधकामही १२० दिवसांची वाट पाहत थांबत नाही. तपासणी संपल्यावर उभ्या राहिलेल्या घरांसाठी ब्युरो वेगळी फेरी घेतो, दशकाच्या मध्येही काही सरकारांकडून पत्त्यांच्या फाइली घेतो. मग हेच नेहमीचं का असू नये? ९११ वर फोन आला की रुग्णवाहिका कुठे पाठवायची, यासाठी अनेक काउंट्या आपली पत्त्यांची यादी सतत अद्ययावत ठेवतात. ती यादी जशी बदलेल तशी ब्युरोकडे जात राहिली, तर दहा वर्षांनी एकदम धावपळ करावी लागणार नाही. १२० दिवस मग फक्त अवघड घरांसाठी वापरता येतील, तळघरांसाठी, गॅरेजसाठी, ट्रेलरसाठी.

आता कुलपाकडे. नगर नियोजनवाल्यांची तक्रार ऐकण्यासारखी आहे. आम्ही राबून तुमची यादी स्वच्छ करायची, आणि काम झालं की तीच यादी नष्ट करायची? तीत सापडलेली घरं आम्हाला आमच्या अग्निशमन दलाला सांगता येत नाहीत. पत्त्यात असं काय गुपित आहे, तो तर दारावर लिहिलेला असतो. या युक्तिवादाला २०२१ नंतर धार आली आहे. त्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या रात्री आयडा वादळाच्या पावसाने न्यूयॉर्क शहरात १३ माणसं दगावली, आणि त्यातली ११ तळघरांमध्ये बुडाली. बहुतेक तळघरं अनधिकृत होती. ती कुठे आहेत हे पालिकेला ठाऊक असतं तर?

हा प्रश्न मला अस्वस्थ करतो, तरीही माझं उत्तर बदलत नाही. एक तर तळघरं शोधायला पालिकेला वॉशिंग्टनच्या यादीची गरज नाही. तिथल्या घंटा आणि मीटर तिच्याच माणसांनी पाहिले होते. कुलूप आहे ते संघ सरकारच्या यादीला. शहराने स्वतःच्या नोंदींतून केलेली यादी शहराचीच असते. पुराचा इशारा द्यायला ती पुरेशी आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. जनगणनेत सांगितलं की इमारत निरीक्षक येतो आणि बिऱ्हाड रस्त्यावर पडतं, असं एकदा गल्लीत पसरलं की पायऱ्यांपाशीची ती दुसरी घंटा काढून टाकायला भाडेकरू आणि मालक दोघेही एका पायावर तयार होतील. मग पालिकेलाही काही दिसणार नाही आणि ब्युरोलाही.

आणि गुपित राहील या शब्दावर विसंबावं असा ब्युरोचा इतिहास नाही. १९४२ मध्ये युद्धकाळाच्या कायद्याने गोपनीयता बाजूला ठेवली गेली. पश्चिम किनाऱ्यावरचे जपानी वंशाचे लोक कोणत्या ब्लॉकमध्ये किती राहतात, याचे तक्ते ब्युरोने लष्कराला दिले, आणि सुमारे १ लाख २० हजार माणसांना छावण्यांत डांबण्याच्या कामी ते आले. त्या तक्त्यांत नावं नव्हती. ब्लॉक आणि आकडे होते, तेवढं पुरलं. पुढच्या वर्षी राजधानीच्या परिसरातल्या जपानी वंशाच्या लोकांची नावं आणि पत्तेही देण्यात आले, हे संशोधकांनी २००७ मध्ये उघडकीला आणलं. त्यामुळे ‘नुसताच तर पत्ता आहे’ हे म्हणणं मला भाबडं वाटतं. २०२० च्या आधी जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्न घालण्याचा प्रयत्न झाला. त्यासाठी सरकारने दिलेलं कारण पटत नाही म्हणून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अडवला. प्रश्न छापला गेला नाही, पण भीती पसरायची ती पसरलीच.

माझं तर म्हणणं आहे की कुलूप आहे त्याहून थोडं खालपर्यंत लावावं. जनगणनेसाठी म्हणून शहराच्या माणसांनी गल्लोगल्ली फिरून जे टिपलं, ते त्याच शहराच्या दंड वसूल करणाऱ्या खात्याला मागता येता कामा नये. आज याची हमी संघाच्या कायद्यात नाही. ती त्या त्या शहराच्या समजूतदारपणावर आहे, आणि महापौर दर चार वर्षांनी बदलू शकतो. पुराचा इशारा देणाऱ्या खात्याला ती माहिती मिळावी, बेदखलीची नोटीस काढणाऱ्याला मिळू नये, एवढा फरक कायद्यात लिहिणं अशक्य नाही. एसेक्स काउंटी आणि डेन्व्हर हरल्यावर यादी बघायला मिळावी म्हणून शहरांना बारा वर्षं थांबावं लागलं होतं. २०३० ची तपासणी सुरू होण्याआधी काँग्रेसला पैशांची आणि या कुलपाची, दोन्ही तरतुदी करायला तेवढा वेळ नाही.